जुन्या वाड्याचं पहिलं काम: पाहणीपासून अंदाजपत्रकापर्यंत

वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत येऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच मालक विचारतात, "साहेब, साधारण किती लागतील?" आणि नवा सल्लागार चौकात उभ्या उभ्या आकडा सांगून मोकळा होतो. त्या आकड्याच्या मापाने मग रोग ठरतो आणि रोगाच्या मापाने नकाशा. कागदपत्रांची आठवण गवंडी शिडी लावतो त्या दिवशी होते. सातारा, वाई, कराड, फलटण भागात जुन्या इमारतींच्या जतनाचा सल्ला द्यायला निघालेली जी मुलं-मुली भेटतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचा घोटाळा ज्ञानाचा नसतो, क्रमाचा असतो. म्हणून इथे क्रम लिहितो. आर्किटेक्चर किंवा सिव्हिल झालं आहे आणि पहिला वाडा स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायचा आहे, असा वाचक मी समोर धरला आहे.

## टप्पा ० : घरून निघण्याआधी

पदवीचं आधी उरकू. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी असल्याशिवाय नावापुढे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही. सिव्हिलवाल्यांनी 'स्ट्रक्चरल सल्लागार' म्हणून काम घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. जतनातलं पदव्युत्तर शिक्षण दिल्ली आणि भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये (एसपीए) किंवा अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात मिळतं. सरकारी निविदांमध्ये ते बहुधा मागतात. वाड्याचा मालक मात्र डिग्री विचारत नाही, आधी कुठला वाडा केला ते विचारतो.

म्हणून डिग्रीच्या आधी, नाहीतर नंतर, पण पहिल्या कामाच्या आत नक्की, एक हंगाम चुन्यात काम करणाऱ्या गवंड्याच्या हाताखाली काढा. कळीचा चुना स्वतः विरवा, चाळा, मुरवा, थापीने भिंतीवर मारा आणि तो पडलेला बघा. पडलेला गिलावा ज्याने स्वतः पुन्हा मारला, त्यालाच साइटवर गवंडी कधी थापा मारतोय ते कळतं.

पिशवीत ठेवायचं: ५ मीटर आणि ३० मीटरचा टेप, लेझर टेप, ओळंबा, लेव्हल काढायची पारदर्शक नळी, सुताराचा टोच्या, छोटी लाकडी हातोडी, जोरदार टॉर्च, भेग मोजायचं कार्ड, खडू, नमुन्यांसाठी झिपच्या पिशव्या. डोक्याला हेल्मेट, पायात बूट. बंद पडलेल्या वाड्यात साप, आग्यामोहोळ आणि कुजलेला कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत) यांपैकी एक तरी भेटतंच.

सावध: मित्राच्या अहवालाचा साचा घेऊन निघू नका. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणीला जांभा दगड, महाबळेश्वरला तर पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. वाई-साताऱ्याला काळ्या दगडाचं जोतं, त्यावर विटा, सागवानी सांगाडा आणि कौलं. तर माणदेशात पांढऱ्या मातीच्या भिंती, माळवद (मातीचं सपाट छत) आणि पाचशेच्या आसपास पाऊस. पाचगणीच्या बंगल्याचा उपाय माणदेशातल्या दहिवडीच्या माळवदावर केलात तर घर बसेल.

## टप्पा १ : पहिली भेट, आणि आकडा न सांगणं

पहिल्या भेटीत तुम्ही फक्त ऐकायचं आणि बघायचं. आकड्याचा प्रश्न आला की एकच उत्तर: "पाहणीचा अहवाल झाल्याशिवाय मी आकडा सांगत नाही. पाहणीची फी एवढी, वेळ एवढा." हे म्हणताना जीभ अडखळते, घरी आरशासमोर सराव करा. थट्टा नाही, मी केला होता.

मालकांना विचारायचं: शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि कोणी केली? सिमेंटचा गिलावा कोणत्या भिंतींना आहे? घरातला आड कुठे आहे, तो बुजवला असेल तर कशाने? संडासाची टाकी कुठे आहे? शेजारच्यांच्या न्हाणीचं पाणी कुठून जातं? या शेवटच्या प्रश्नाकडे पुन्हा यायचं आहे.

मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. बऱ्याचदा त्या आजी असतात.

"आजी, पूर्वी कुठे गळायचं का हो?"

"गळायचं कसलं, माजघराच्या त्या कोपऱ्यात आम्ही परातच ठेवायचो. सासूबाईंच्या वेळेपासनं."

परातीची ती जागा लगेच नकाशावर लिहा. पन्नास वर्षं एकाच कोपऱ्यात पाणी येत असेल तर वरची तुळई आतून कशी असेल, याचा अंदाज कुठल्याही यंत्राआधी इथेच येतो.

## टप्पा २ : कागद

गावठाणातल्या वाड्याला सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. ती आणि सिटी सर्व्हेचा नकाशा काढा. पत्रिकेवर अकरा नावं आणि समोर चहा देणारे एकटेच, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. अकरांपैकी एक पुण्याला, एक अमेरिकेत आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. सगळ्यांची लेखी संमती येईपर्यंत पाहणीच्या पुढे जाऊ नका. वाड्यात भाडेकरू असतील तर त्यांचीही नोंद घ्या. देवस्थानाची इमारत असेल तर विश्वस्त मंडळाचा ठराव हवा.

मग संरक्षण तपासा. इथे चुका सगळ्यात महाग पडतात:

१. इमारत केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे का? असेल तर मालकाच्या सांगण्यावरून खिळाही मारायचा नाही.

२. जवळपास केंद्र संरक्षित स्मारक आहे का? २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही, पण असलेल्या घराची दुरुस्ती राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. "तिथे काहीच करता येत नाही" हा गावभर पसरलेला समज अर्धाच खरा आहे, आणि त्या अर्ध्या समजापायी लोक चोरून सिमेंट भरतात.

३. नगरपालिकेच्या वारसा यादीत नाव आहे का, असल्यास श्रेणी कोणती?

४. महाबळेश्वर-पाचगणीत काम असेल तर तो परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथले नियम वेगळे वाचावे लागतात.

तपासा: पालिकेची 'धोकादायक इमारत' म्हणून नोटीस आली आहे का? आली असेल तर क्रम बदलतो. आधी टेकू, मग बाकी सगळं.

## टप्पा ३ : मोजणी

जुन्या वाड्यात काटकोन शोधू नका. खोलीच्या चारही भिंती आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण जुळले नाहीत तर नकाशा वाकडा काढा, कारण खोली वाकडी आहे. नवशिके कॉम्प्युटरवर ती गुपचूप सरळ करतात. मग भिंतीला पोट सुटलंय की ती बांधतानाच तशी होती, हे कधीच कळत नाही.

पाण्याच्या नळीने सगळ्या वाड्यात एकाच पातळीची रेघ मारा आणि उंची-खोली त्या रेघेपासून मोजा. जोतं कुठे खचलंय ते अर्ध्या दिवसात उघडं पडतं. मापं एका टोकापासून सलग वाढत घ्या. तुकड्यातुकड्याने घेतलीत तर प्रत्येक तुकड्याची चूक साठत जाते.

खांब, दारं, तुळया यांना देवडीपासून प्रदक्षिणेच्या क्रमाने आकडे द्या. खांब क्र. १४ म्हटलं की नकाशात, फोटोत, अहवालात आणि सुताराच्या तोंडी तोच खांब आला पाहिजे. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजा, तिथे ती लपवता येत नाही.

## टप्पा ४ : निदान, म्हणजे आधी पाणी

इथे घाई करू नका. वाड्याच्या दहा दुखण्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी पाणी असतं. ते कुठून येतं, कुठून जातं आणि कुठे अडलंय, एवढं नीट कळलं की अर्धा अहवाल तयार होतो. पाहणी वरून खाली करा: आढं, कौलं, दोन पाखी मिळतात तिथला खोलगा, पन्हळ, वळचण, भिंतीचा माथा, भिंत, जोतं, बाहेरची जमीन.

दोन भेटी ठरवून घ्या. एक कोरड्या दिवसांत आणि एक भर पावसात, छत्री घेऊन. दुसरी भेट लोक टाळतात. मीही टाळली होती, त्याची गोष्ट सांगतो. नदीकाठच्या एका वाड्यात मागच्या भिंतीला कमरेएवढी ओल होती, लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटला होता, पोपडे सुटत होते. मे महिन्यात बघून मी ठामपणे लिहिलं: जमिनीतून चढणारी ओल, फरशी काढा, चर खणा. जुलैत सहज गेलो तर बाहेर मुसळधार पाऊस आणि ओल तसूभर वाढलेली नाही. पावसाशी तिचा संबंधच नव्हता. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या न्हाणीची फुटकी नळी होती, बारा महिने वाहणारी. चर वाया गेला आणि त्या मालकांनी त्यानंतर मला काम दिलं नाही. बरोबरच केलं.

ओल वाचायची खूण साधी आहे. जमिनीपासून कमी-अधिक एका उंचीपर्यंत पट्टा आणि वरच्या कडेला लोणा असेल तर ओल चढणारी. पावसानंतर वरून डाग उतरत असतील तर छप्पर किंवा भिंतीचा माथा. एकाच जागी बाराही महिने गोल डाग असेल तर नळ, टाकी, शेजार. ओल मोजायच्या यंत्रावर एकट्यावर विसंबू नका, लोणा असलेल्या भिंतीत ते खोटं जास्त दाखवतं.

चढणारी ओल दिसली की आधी बाहेर जा. आपल्या गावांत गल्लीवर दर काही वर्षांनी काँक्रिटचा नवा थर पडतो. जोत्याच्या दोन पायऱ्या होत्या तिथे आज रस्ता उंबऱ्याला लागलेला असतो. दगडी जोतं गाडलं गेलं की पाणी थेट विटांना भिडतं. त्यात आत चकचकीत टाइल्स बसवलेल्या. जमिनीतून वर यायची वाट बंद झाली की ओल भिंतीतूनच वर चढते. वर सिमेंटचा गिलावा असेल तर ती बाहेरही पडू शकत नाही आणि आणखी वर सरकते. मालक म्हणतात, "सिमेंट केल्यावर दोन वर्षं बरं होतं." बरं नव्हतं हो, दिसत नव्हतं.

लाकूड बघताना मधला भाग सोडून टोकांकडे जा. तुळईची भिंतीत शिरलेली टोकं आणि तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, टेकलेला खांबाचा पाय, कुजणं इथूनच सुरू होतं. हातोडीने ठोका: खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आत पोकळ. मग टोच्या हळूच दाबा. भारीतलं सागवान वरून कुजलेलं दिसलं तरी आत बऱ्याचदा शाबूत असतं, म्हणून "सगळं बदला" लिहायची घाई नको. कुजलेलं टोक कापून नवा तुकडा जोडता येतो.

भेगांना वय असतं. कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ असेल तर भेग ताजी. आत धूळ, जाळी, जुना रंग गेलेला असेल तर जुनी. पाटण-कराडकडे तर लोक तारीखच सांगतात: ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. सांगितलेलं लिहून घ्या, पण पडताळा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण आणि तारीख टाका, मधोमध काचेची पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवा. पट्टी तडकली तर भेग चालू आहे. किमान एक पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा जाऊ द्या, कारण खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगही तशी मिटते-उघडते. कोयनेच्या परिसरात काम असेल तर भूकंपाच्या दृष्टीने मजबुतीकरणासाठी आयएस (भारतीय मानक) १३९३५ आणि मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७ आधी वाचून ठेवा.

सावध: भिंतीला पोट आलं असेल तर दरजा (दगडांमधले सांधे) भरायला सुरुवात करू नका. जुनी जाड भिंत म्हणजे दोन बाजूंना दगडाची पाळ आणि मध्ये भर. पाणी शिरून भर खाली बसली की पाळ बाहेर ढकलली जाते. टेकू लावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. इथे एकट्याने शहाणपणा करायचा नाही.

## टप्पा ५ : जुना चुना काय सांगतो

नवा चुना जुन्याशी जुळायला हवा, म्हणून नमुना घ्यायचा. वरच्या थराचा नको, तो कुणीतरी मागाहून भरलेला असतो. निदान तीन जागी, दरजेत खोलवर. नमुना हलक्या हाताने कुटा, वजन करा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवा. चुना फसफसत विरघळतो, वाळू राहते. ती धुऊन, वाळवून, तोलून चाळणीतून काढा. चुना-वाळूचं ढोबळ प्रमाण, वाळूचा रंग आणि दाण्याचा आकार कळतो. लालसर पूड दिसली तर सुर्खी (भाजलेल्या विटांची पूड) असू शकते. मातीच्या भिंतीला हे लागू नाही. तिथे बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवा, दुसऱ्या दिवशी वाळू, गाळ आणि चिकणमातीचे थर वेगळे दिसतात.

सावध: हे उघड्यावर, चष्मा आणि हातमोजे घालून करा. पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

## टप्पा ६ : अहवाल

तुमचा माल हाच. मराठीत लिहा, कारण वाचणारे मालक, नगरसेवक आणि गवंडी आहेत. पहिल्या पानावर सगळं सार, कारण मालक तेवढंच वाचतात. आत प्रत्येक दुखण्यासाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या: काय दिसलं, कारण काय असावं, उपाय काय. 'दिसलं' आणि 'असावं' यांची सरमिसळ झाली की अहवाल गेला. माझा तो नदीकाठचा अहवाल असाच गेला होता.

उपायांच्या तीन याद्या करा: आत्ता, येत्या पावसाळ्याआधी, पुढच्या दोन वर्षांत. चौथी यादी कोणी करत नाही, पण करा: हात लावायचा नाही अशा गोष्टी. कोरीव खांबांवरचा जुना रंग, भित्तिचित्र, देवघराची जमीन. शिवाय जिथे पोचता आलं नाही त्या जागाही लिहा. "दक्षिणेच्या सोप्याचा कडीपाट झाकलेला असल्याने वरची बाजू पाहता आली नाही" या एका ओळीने पुढचे वाद वाचतात.

## टप्पा ७ : आता आकडा

सरकारी दरसूचीतले दर चुन्याच्या प्रत्येक कामाला जसेच्या तसे बसत नाहीत. म्हणून एक चौरस मीटरचा नमुना भिंतीवर करून घ्या, किती चुना, किती वाळू, गवंड्याचे आणि बिगाऱ्याचे किती तास लागले ते स्वतः लिहा, त्यावरून दर काढा. जुनी कौलं, विटा, लाकूड यांतलं किती पुन्हा वापरता येईल ते मोजून वजा करा. लाकडासाठी राखीव रक्कम वेगळी दाखवा, कारण कडीपाट उघडल्यावर काय निघेल ते आधी कळत नाही.

तुमची फी कामाच्या खर्चावर शेकडा लावू नका. तुम्ही तुळई वाचवलीत की तुमचीच फी कमी, हा उलटा हिशोब आहे. पाहणी आणि अहवालाची एकरकमी फी, नकाशे-अंदाजपत्रकाची वेगळी, आणि साइटवरच्या प्रत्येक भेटीची वेगळी. पाहणीची फी निम्मी आगाऊ घ्या.

## टप्पा ८ : कामाचा क्रम, आणि चोरटं सिमेंट

टेकू, छप्पर, पन्हळ, बाहेरच्या पाण्याचा निचरा, लाकूड, भिंती, आणि सगळ्यात शेवटी गिलावा-रंग. मालकांना रंग आधी हवा असतो, घरात लग्न असतं. ठाम राहा. ओल्या भिंतीवरचा रंग लग्नाच्या अल्बमपुरताच टिकतो.

चुन्याचं काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत बसवा. पावसात तो वाळत नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात पकडायच्या आत सुकून भुगा होतो. विरवलेला चुना काही आठवडे पाण्याखाली मुरू द्या. गिलावा पातळ थरांत, आधीचा थर पकडल्यावरच पुढचा. ओलं गोणपाट निदान आठवडाभर. चुन्याला घट्ट व्हायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि थोडी ओलही, त्यामुळे यात घाई चालत नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते: दुपारच्या जेवणानंतर गवंडी "पकड यावी म्हणून" घमेलंभर सिमेंट चुन्यात टाकतो. वाईट हेतूने नाही, सवयीने. पण थोडंसं सिमेंट चुन्याचा गुण घालवतं आणि सिमेंटची ताकदही देत नाही.

तपासा: सिमेंटचं पोतं दिंडी दरवाजाच्या आत येणार नाही, असं करारात लिहा. न सांगता दुपारी अडीचला साइटवर जा.

## टप्पा ९ : वही

काम संपलं की मालकांना एक वही द्या. मे संपायच्या आत पन्हळ आणि खोलगे साफ करणं, सरकलेली कौलं बसवणं, भिंतीत उगवलेला पिंपळ बोटाएवढा असतानाच काढणं. मोठ्या पिंपळाची मुळं ओढू नयेत, दगड सोबत येतात. नकाशे, फोटो, चुन्याचं मिश्रण आणि गवंड्याचं नाव त्याच वहीत. पुढच्या जुलैत, जोराचा पाऊस असेल त्या दिवशी, बिनफीची एक भेट ठेवा. छत्री घेऊन जा आणि माजघराच्या त्या कोपऱ्यात आजींची परात आहे का ते बघा.